पाटाखालचे नाव

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघरी पाट मांडला जातो. त्याभोवती रांगोळी काढतात, उजव्या हाताला उटण्याची वाटी ठेवतात आणि घरातल्या लहानथोरांना एकेक करून त्यावर बसवतात. वर्षातून एवढ्या एकाच दिवशी पाटाला इतका मान मिळतो. एरव्ही तो स्वयंपाकघरातल्या भिंतीला टेकून उभा असतो. आता तर पुष्कळ घरांत जेवणाची टेबले आली, न्हाणीघरात प्लास्टिकची स्टुले आली आणि पाट माळ्यावर गेला. तरीही मुंज, लग्न, डोहाळजेवण आणि बारसे या प्रसंगी त्याला खाली उतरवावेच लागते. मराठी माणसाच्या आयुष्यातील सारे महत्त्वाचे संस्कार जमिनीपासून चार बोटे उंचीवर होतात, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

आपल्या शेजारच्या कानडी घरात हीच वस्तू ‘मणे’ या नावाने नांदते. त्यांच्याकडे नवरानवरीला बसवतात ते हसेमणे. आपली विळी ती त्यांची ईळिगेमणे. तीन पायांच्या बैठकीला आपण तिवई म्हणतो, ते मुक्काली म्हणतात. शब्द दोन झाले, तरी लाकूड एकच आणि बहुतेक वेळा ते तासणारा हातही एकच. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात सुताराने कधी मराठी पाट आणि कानडी मणे असे वेगवेगळे घडवले नाहीत. शिवणीची हलकी फळी घ्यायची, रंध्याने गुळगुळीत करायची, खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकायच्या. गिऱ्हाईक ऐपतीचे असेल तर चार कोपऱ्यांत पितळी फुले बसवायची. नाव घरात गेल्यावर पडायचे.

नावावरूनच या लेखाचा प्रश्न निघतो. आपल्या घरातला पाट उचलून पालथा करून पाहा. कधी त्यावर आजोबांच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली सापडतील. कार्याच्या वेळी घरोघरचे पाट गोळा व्हायचे, त्यात आपला ओळखू यावा म्हणून. घडवणाऱ्याचे नाव मात्र कुठेही नसेल. भांड्यांचेही तसेच. तांब्याच्या काठावर ‘चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून’ असे टोचून घेतलेले असते. देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे आहे, तारीख आहे, क्वचित गावही आहे. ज्याने तो तांबा ठोकून उभा केला त्या तांबटाचा पत्ता नाही. नाव टोचण्याची हत्यारे त्याच्याच दुकानात होती, इतरांची नावे तोच टोचत होता. आपले नाव घालावे असे त्याला वाटले नाही, आणि घाल म्हणून कुणी सांगितलेही नाही.

ही रीत जुनी आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतला एक अतिप्राचीन लेख आहे, हे आपण शाळेत शिकलो. पहिल्या शिलालेखाचा मान कोणाचा यावर विद्वानांत वाद आहेत. तो वाद आज बाजूला ठेवू. मला त्या लेखातले क्रियापद महत्त्वाचे वाटते. दहाव्या शतकाच्या अखेरीस ती प्रचंड मूर्ती उभी राहिली आणि चावुंडरायाने ती ‘करवियले’ असे मराठीत कोरले गेले. शेजारी कानडीत ‘माडिसिदं’ आहे, तमिळमध्येही त्याच अर्थाचा शब्द आहे. तिन्ही भाषांनी प्रयोजक रूप वापरले. केले नव्हे, करविले. आज एकमेकींकडे पाठ करून उभ्या असलेल्या भाषा या एका बाबतीत किती एकमताने बोलल्या पाहा! करवून घेणारा दगडावर अजरामर झाला. छिन्नी धरणारे हात त्या क्रियापदाच्या आत कुठेतरी दबून गेले.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते, आणि ते वरवरचे नाही. आपल्या परंपरेत कारागिराला नावाची हाव नव्हती, तो काम देवाला अर्पण करून मोकळा होत असे, नाव घालणे हा पाश्चात्त्य अहंकार आहे, असे ते उत्तर. आनंद कुमारस्वामींसारख्या मोठ्या माणसाने असे काहीसे मांडले. जपानमध्ये १९२५ च्या सुमारास यानागी सोएत्सु यांनी लोककलेची जी चळवळ उभारली, तिच्या केंद्रस्थानीही अनाम कारागीरच होता. शोजी हामादांसारखा नामांकित कुंभार आपल्या भांड्यांवर शिक्का मारीनासा झाला. या विचाराचे आकर्षण मलाही आहे. पण त्यात एक गफलत आहे. फळाची आशा सोडणे हे करणाऱ्याचे काम आहे. सुताराने ती सोडली तर तो त्याचा मोठेपणा. पाटावर बसणाऱ्याने सुताराच्या वतीने ती परस्पर सोडून द्यावी, याला अनासक्ती म्हणता येणार नाही. हामादांनी शिक्का टाकला तेव्हा सारे जग त्यांना ओळखत होते. शिक्का टाकायला आधी तो हाती असावा लागतो.

शिवाय आपल्याकडे कुणी नाव घातलेच नाही, हेही खरे नव्हे. याच कर्नाटकात बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरात बाराव्या शतकातील शिल्पकारांनी आपापल्या मूर्तींखाली नावे कोरून ठेवली आहेत. बळ्ळिगावेचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण ही त्यांतली दोन. होयसळांच्या अनेक देवळांत मल्लितम्मा या शिल्पीचे नाव पुन्हा पुन्हा सापडते. संधी मिळाली तिथे कारागिराने नाव घातले, आणि देव काही त्यावर रागावला नाही.

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत तर गंमतच आहे. न्यायशास्त्र शिकताना आम्हाला घट आणि पट ही दोन उदाहरणे घोकावी लागत. माती हे समवायी कारण, कुंभार हे निमित्त कारण. तंतू आणि विणकर यांचेही तसेच. दोन हजार वर्षे कुंभार या शास्त्राच्या पानापानावर चाक फिरवीत बसला आहे. जेवणाऱ्याला, चालणाऱ्याला, झोपणाऱ्याला देवदत्त असे नाव आहे. घडवणाऱ्याला मात्र ‘कुंभार’ एवढेच. प्लेटोने आपल्या ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात पलंगाचे उदाहरण घेतले. एक पलंग ईश्वराने कल्पिलेला, दुसरा सुताराने केलेला, तिसरा चित्रकाराने रंगवलेला. सुताराला त्याने चित्रकाराच्या वर बसवले, हे विशेषच म्हटले पाहिजे. पण नाव त्यानेही दिले नाही. आपल्या संतमंडळीत गोरा कुंभार आहे, नरहरी सोनार आहे. ती नावे आपल्याला अभंगांमुळे ठाऊक. गोरोबांनी घडवलेले मडके कसे होते, हे कुणी विचारले नाही.

हे सारे एका स्टुलामुळे सुचले. त्याची हकीकत पुढे येईलच, पण आधी दुसऱ्या एका स्टुलाची सांगतो, कारण ते जगप्रसिद्ध आहे.

१९३३ साली फिनलंडमध्ये आल्वार आल्तो या वास्तुशिल्पज्ञाने तीन पायांचे एक लाकडी स्टूल सिद्ध केले. वर गोल फळी, खाली वाकलेले तीन पाय, बस्स. आपल्या तिवईची उंच बहीण म्हणा. खुबी पायांत आहे. बर्च नावाच्या तिकडच्या लाकडाची जाड पट्टी घ्यायची, तिच्या एका टोकाला रेषेरेषेने उभ्या चिरा पाडायच्या, त्या चिरांत सरस लावलेले पातळ पापुद्रे सरकवायचे आणि तो भाग काटकोनात वाकवायचा. सरस वाळला की पाय कायमचा वळतो. मग तो पाय सरळ फळीखाली स्क्रूने जोडायचा. कूस नको, खाच नको, चौकटही नको. अशी स्टुले एकावर एक रचली की तीन पायांचा जिना गोल गोल फिरत वर जातो. लंडनच्या प्रदर्शनात ती त्याच वर्षी मांडली गेली. १९३५ साली ‘आर्तेक’ ही कंपनी निघाली, आणि आजही ती तशीच बनतात.

पेटंट आल्तोंचे, पुस्तकांत नावही आल्तोंचे. पण चिरा पाडून लाकूड वाकवण्याचे प्रयोग झाले कुठे? तुर्कू गावच्या ओटो कोर्होनेन या सुतारकाम जाणणाऱ्या कारखानदाराकडे. दोघे वर्षानुवर्षे तिथे खपत होते. वाकवलेले किती पाय तडकले असतील, कोणता सरस उतरला असेल, हे कोर्होनेनांच्या माणसांना माहीत. कोर्होनेन १९३५ साली वारले. अभ्यासकांनी पुढे त्यांचे नाव कष्टाने उजेडात आणले, ही तिकडच्या लोकांची प्रामाणिकता. कारखान्यातल्या करवतीवरच्या माणसांची नावे तिथेही बहुतेकांना ठाऊक नाहीत.

या फर्निचरला जगभर सरसकट ‘स्कँडिनेव्हियन’ म्हणतात. काटेकोरपणे पाहिले तर फिनलंड त्यात येत नाही. पण मोठ्या शेजाऱ्याच्या नावाने ओळखले जाणे म्हणजे काय, हे सीमाभागातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. तो देशही द्विभाषिक आहे. फिनिश आणि स्वीडिश या दोन्ही राष्ट्रभाषा. तुर्कू गावाला स्वीडिश माणूस ओबू म्हणतो. एखाद्या नगरपालिकेच्या हद्दीत अल्पसंख्य भाषेचे लोक आठ टक्के किंवा तीन हजार भरले की ती नगरपालिका कायद्याने द्विभाषिक ठरते आणि पाट्या दोन्ही भाषांत लागतात. आपल्याकडे पंधरा टक्क्यांच्या नियमावर किती कागद झिजले, ते आठवून हा आकडा वाचावा.

आणि आल्तोंची ही स्टुले ज्या इमारतीमुळे गाजली, ती इमारत तर सीमेनेच गिळली. व्हीपुरी शहरातील ग्रंथालय १९३५ साली पुरे झाले. व्याख्यानगृहाला लाकडाचे लाटांसारखे छत, आणि खाली ओळीने तीन पायांची स्टुले. पाच वर्षांत युद्ध झाले. १९४० च्या तहाने व्हीपुरी रशियाकडे गेले. १९४१ साली फिनलंडने ते परत घेतले, १९४४ साली पुन्हा गमावले. त्या मुलखातील चार लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून फिनलंडच्या उरलेल्या भागात आली. शहर आज रशियात आहे, नाव व्हीबोर्ग. ग्रंथालय कित्येक वर्षे ओसाड पडले होते. पुढे दोन्ही देशांच्या माणसांनी मिळून ते दुरुस्त केले, ते काम २०१३ साली संपले. आपली सीमा १९५६ साली कागदावर हलली. माणसे जागच्या जागी राहिली, घरातले पाटही हलले नाहीत. तुलना ओढूनताणून करण्यात अर्थ नाही. पण देश कोणताही असो, बसण्याची वस्तू बसणाऱ्याची भाषा विचारीत नाही, एवढे यातून दिसते.

आर्तेक कंपनीने २००६ पासून एक वेगळा उद्योग सुरू केला. शाळा, दवाखाने, कारखाने यांतून पडलेली आपलीच जुनी स्टुले ती परत विकत घेते आणि पुन्हा विकते. रंग उडालेले, शाळेच्या पोरांनी खरवडलेले स्टूल कोऱ्या स्टुलापेक्षा जास्त मोलाचे ठरते. आपल्याकडे चंदीगडला काय झाले, ते याच्या उलट. ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे यांनी १९५० नंतरच्या वर्षांत तिथल्या कचेऱ्यांसाठी सागवानी खुर्च्या, टेबले, स्टुले आखली. सोबत युली चौधरींसारख्या भारतीय वास्तुशिल्पज्ञ होत्या. त्यांचेही नाव मागेच राहिले. घडवली ती स्थानिक सुतारांनी. पुढे या खुर्च्या कचेऱ्यांच्या गच्चीवर आणि मागच्या अंगणात मोडक्या पडल्या, भंगाराच्या भावाने लिलावात गेल्या आणि युरोप-अमेरिकेत लाखांनी विकल्या जाऊ लागल्या. २०११ साली केंद्रीय गृहखात्याने हे फर्निचर वारसा म्हणून जपण्याचा आदेश काढला. परदेशी गिऱ्हाईक त्या खुर्च्यांच्या अस्सलपणाचा पुरावा म्हणून काय पाहतो? पाठीवर रंगवलेला कचेरीचा नंबर. म्हणजे पुन्हा करवून घेणाऱ्याचीच खूण.

आणखी जवळचे उदाहरण पायाखालचेच आहे. कोल्हापुरी चपलेला २०१८ साली भौगोलिक मानांकनाची नोंद मिळाली, ती महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. अथणीकडे आणि निपाणी भागात ही चप्पल पिढ्यानपिढ्या बनते. दोन राज्यांनी एकत्र सही केलेले असे कागद किती निघतील? जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा या कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या आणि कोल्हापूरचा उल्लेख केला नाही, तेव्हा आपण सारे खवळून उठलो. नाव घेतले नाही! राग योग्यच होता, आणि कंपनीला ते मान्यही करावे लागले. पण त्या वेळी मी वर्गात मुलांना विचारले, तुमच्या पायातली चप्पल कुणी शिवली? दुकानाचे नाव सगळ्यांनी सांगितले. दुकानदाराला तरी ते ठाऊक असेल का, अशी मला शंका आहे. गोकाकची फळे, सावंतवाडीची खेळणी, शहापूरची लुगडी. आपण गावाला मान दिला की कारागिराला दिला असे धरून चालतो.

सावंतवाडीत एकदा मात्र माणसाचे नाव वाचले. १९७० नंतर तिथले शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफाची आणि लाखकामाची बुडत चाललेली कला पुन्हा उभी करायचे मनावर घेतले, तेव्हा ती जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर हाताशी होते. राजघराण्याने त्यांच्याकडून विद्या घेतली आणि तसे सांगितलेही. म्हणून ‘चितारी’ या जातिनामामागे ‘पुंडलिक’ उरले. राजाने विचारले म्हणून नाव उरले, हे जितके आनंदाचे, तितकेच विचारात पाडणारे.

मूळ प्रश्न असा मांडता येईल : कारागिराला मजुरी चुकती केली की त्याचे देणे फिटते का? व्यवहार म्हणतो, फिटते. बलुतेदारीत सुताराला सुगीला धान्य मिळे, पुढे रोख मिळू लागले. दोन्ही वेळा हिशेब मिटला. मग एक विचारतो. मी बत्तीस वर्षे पगार घेऊन शिकवतो आहे. संस्थेने आणि सरकारने मला दर महिन्याला चुकते केले. तरीही बाजारात एखादा जुना विद्यार्थी भेटला की वाकून नमस्कार करतो. त्याच्या मनात काही देणे शिल्लक असते आणि त्याबद्दल कुणालाही नवल वाटत नाही. ज्या सुताराच्या बाकावर बसून तो शिकला, त्याच्याबद्दल असे काही शिल्लक का राहत नाही? विद्या आणि बाक यांत फरक आहे म्हणाल. आहेच. पण नमस्कारातला सगळा फरक त्यातून येतो, हे मला पटत नाही. बोलणाऱ्याच्या कामाला आपण विद्या म्हटले, हाताने करणाऱ्याच्या कामाला जात म्हटले. विद्येला गुरू असतो, जातीला फक्त आडनाव. डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते की, जातिव्यवस्थेने श्रमांची नुसती वाटणी केली नाही, श्रमणारी माणसेच वाटून टाकली. आपल्या शास्त्रांत देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले आहे. शतपथ ब्राह्मणाने चौथे मनुष्यऋण जोडले, ते पाहुण्याला आसरा आणि अन्न देऊन फेडायचे. पाहुण्याला ज्यावर बसवायचे त्या पाटाचे ऋण त्यातच धरावे, असे मला सुचवावेसे वाटते.

आता आमच्या स्टुलाची हकीकत. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या हायस्कुलाच्या प्रयोगशाळेतील जुने सामान निकालात काढायचे ठरले. त्यात सागवानी स्टुले होती, अकरा. डेडस्टॉक रजिस्टरात नोंद १९६२ सालची : बारा नग, नगाला नऊ रुपये. ‘कोणाकडून’ या रकान्यात ‘स्थानिक सुतार’. बसायच्या फळीवर ॲसिडचे डाग, पाय थोडे बाहेर झुकलेले, एकही खिळा नाही. साठ वर्षे पोरे त्यांच्यावर डुलत होती आणि कूस खाचेतून हलली नव्हती. भंगारवाल्याने बघून तोंड वाकडे केले. पण जुन्या वस्तूंचा एक व्यापारी बाहेरगावाहून आला आणि सगळ्या लॉटची नगाला साडेचार हजार रुपये बोली लावून गेला.

आमचे जुने शिपाईमामा निवृत्त होऊनही शाळेत येत. ते म्हणाले, “सर, हे हुक्केरीकडच्या बडिगेराचं काम. त्याचा नातू उद्यमबागेत फौंड्रीत आहे.” ज्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगराकडे वळले, तिथे सुताराचा नातू ओतशाळेत जाणे हा तर इतिहासाचाच क्रम. मामांनी निरोप धाडला आणि रविवारी तो आला. चाळिशीचा, हाताला भाजल्याच्या खुणा. त्याने स्टुलाच्या फळीकडे पाहिलेच नाही. उचलून सरळ पालथे केले, फळी आणि पाय मिळतात तिथे अंगठा फिरवला आणि म्हणाला, “नम्म अज्जान कैकेलसा री, सर.” मग मराठीत : “आज्जा पाचर बाहेरनं मारायचा न्हाई. आतनं मारायचा. बगा.” आम्ही पाहिले. इतकी वर्षे ती स्टुले वापरात होती, पण खालून कुणी पाहिली नव्हती. फळीच्या पोटाला किंकऱ्याने काढलेली एक खूणही होती, दोन तिरप्या रेघा आणि एक टिंब.

त्याला एक स्टूल हवे होते. भंगाराच्या भावाने. घरात आजोबांच्या हातचे काही उरले नव्हते. घर वाटणीत गेले, हत्यारांपैकी एक वाकस तेवढा होता, दसऱ्याला पूजेत ठेवत.

इथे नीतीचा प्रश्न पुस्तकातून उठून मुख्याध्यापकाच्या टेबलावर येऊन बसला. नियम सांगतो की, जास्त बोलीवाल्यालाच द्यायचे. व्यापारी सगळी घेईन नाहीतर एकही घेणार नाही म्हणत होता. आणि त्या पैशांची शाळेला खरोखरच गरज होती; मुलींच्या स्वच्छतागृहाचे पत्रे पावसाळ्यात उडाले होते, अनुदानाचा कागद कुठे होता कोण जाणे. संस्थेच्या बैठकीत दोन तट पडले. एक सदस्य म्हणाले, “त्याच्या आजोबाला तेव्हाच पैसे दिले होते. आज त्याचा काय संबंध?” दुसरे म्हणाले की, व्यापाऱ्याला देतो आहोत ते लाकूड नव्हेच, त्या बडिगेराची कसबच आपण विकतो आहोत, आणि ती आपण विकत घेतली होती का, हे तरी बघा. हे म्हणणारे गृहस्थ किराणा मालाचे व्यापारी होते, हे मुद्दाम सांगतो. तत्त्वज्ञान एम. ए. झालेल्यांनाच सुचते असे नाही.

माझे मत मी असे दिले की, पत्रे अडवून भावना जपणे हे मुलींच्या खर्चाने केलेले पुण्य ठरेल. पण सगळी स्टुले निकालात काढलीच पाहिजेत असे कुठे आहे? निर्लेखनाच्या यादीत किती नग घालायचे हे शाळेच्या हाती असते. यादी दहाची केली. व्यापाऱ्याने थोडी कुरकुर करून दहा नेली. पत्रे बसले. अकरावे स्टूल शाळेचेच राहिले, म्हणजे नातवाला ते मिळाले नाहीच. सरकारी अनुदानावरच्या शाळेची वस्तू परस्पर देऊन टाकणे मला शक्य नव्हते, आणि तसे मी त्याला स्पष्ट सांगितले. तो रागावला नाही, पण खूशही झाला नाही. खूश व्हावे असे त्यात काही नव्हते. दहा स्टुले आज कुठे आहेत, कोणत्या नावाने विकली गेली, कुणास ठाऊक.

उरलेल्या स्टुलाखाली आजोबांचे नाव घालावे, असे ठरले. लगेच आमच्या स्टाफरूममध्ये चर्चा : देवनागरीत की कानडी लिपीत? मराठी शाळा आहे, देवनागरीतच हवे. माणूस कानडी होता, कानडीतच हवे. दोन्हींत घाला. मग वर कोणते, खाली कोणते? सीमाभागात राहणाऱ्याला हा वाद तोंडपाठ आहे. पाट्यांवरच्या अक्षरांसाठी आपण लाठ्या खाल्ल्या आहेत, आणि त्यामागचे दुःख खरे आहे. त्याची थट्टा मी करणार नाही. शेवटी नातवालाच विचारले. तो म्हणाला, “सर, आज्ज्याला दोन्हीबी येत नव्हतं. अंगठाच करायचा. त्याची सही हाय की खाली.” त्या दोन तिरप्या रेघा आणि टिंब.

मग स्टुलाखाली काहीच कोरले नाही. त्याऐवजी रजिस्टरातल्या १९६२ च्या नोंदीसमोर ‘शेरा’ या रकान्यात मी त्यांचे पूर्ण नाव आणि गाव लिहिले, शेजारी ती खूण काढली आणि सही केली. इथे ते नाव छापत नाही. नातवाने नको म्हटले, आणि त्याची इच्छा डावलून त्याच्या आजोबांना न्याय देण्यात काही अर्थ नव्हता. पुढच्या वर्षी तपासणीला आलेल्या लेखापरीक्षकांनी त्या पानावर बोट ठेवून विचारले, “हे काय? पुरवठादाराचं नाव साठ वर्षांनी?” मी म्हणालो, “रकाना रिकामा होता, साहेब.” त्यांनी चष्म्यातून एकदा माझ्याकडे पाहिले, हिरव्या शाईने बरोबरची खूण केली आणि पान उलटले.